वेलांटीबाईंचं टेबल

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की बाईंच्या आधी वेलांटी लागे. बावीस वर्षं त्या तिथे मुद्रितं तपासत होत्या. छपाईला जाण्याआधी मजकूर वाचायचा आणि लाल पेन्सिलीने चुकांना गोल करायचे, हे त्यांचं काम. ह्रस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ह्रस्व करता करता त्यांच्या नजरेला अशी खोड लागली होती की कुठे चूक सापडली नाही तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. एकदा त्या रक्त तपासायला गेल्या, तर दंडात सुई शिरत असताना त्यांनी भिंतीवरच्या सूचनेतल्या दोन चुका तिथल्या माणसाला सांगितल्या. तो बिचारा वळून बघायला गेला आणि त्याला शीर पुन्हा शोधावी लागली.

अक्षरांपुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण छापखान्यातल्या चौघांचा एक रिवाज पडून गेला होता. दोन-अडीच महिन्यांनी एकाच्या घरी सगळ्यांनी रात्री जेवायला जमायचं. बाई असल्या की जेवणाचं टेबलही मुद्रितासारखं तपासलं जायचं. छपाईचं यंत्र चालवणारे मशीनदादा. त्यांच्या घरी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. बाईंनी बसल्या बसल्या त्यातला मथळा वाचला, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि रस्सा सांडायचाच असेल तर या बातमीवर सांडा म्हणाल्या. पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्या चित्रकारांनी मोठ्या हौसेने मधोमध फुलदाणी ठेवली होती. बाई जेवणभर पलीकडच्याशी 'कोण बोलतंय?' असं विचारून बोलल्या. वर प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं.

"टेबल सुंदर मांडायला पैसा लागत नाही. नजर लागते."

"ती तर लागलीच," मशीनदादा म्हणायचे आणि मुकाट्याने पुढचा घास घ्यायचे.

बाईंची स्वतःची पाळी मात्र दोन वर्षं आली नव्हती. कधी घराला रंग चालू असायचा, कधी पाण्याची टाकी धुवायची असायची, कधी यजमानांना कणकण असायची. शेवटी एका दुपारी मशीनदादांनी शाईचे हात पुसता पुसता जाहीर केलं की येत्या शनिवारी जेवण बाईंकडे. पुस्तकं शिवणाऱ्या बांधणीताई लगेच हो म्हणाल्या. चित्रकार म्हणाले, ते सकाळपासून उपाशी राहतील. बाईंना पळायला वाटच राहिली नाही. "या की," त्या म्हणाल्या, जणू दोन वर्षं याच बोलावण्यासाठी खोळंबल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं आणि त्यांचं अवसान गळालं. त्यांच्या यजमानांचं तळमजल्यावर पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. गल्ली त्यांना पंखेवाले म्हणूनच ओळखे. त्या महिन्यात पंखेवाल्यांच्या तोंडात नवी कवळी आली होती आणि तिने पहिला घास घरखर्चाचाच घेतला होता. कपाटात ताटल्या होत्या सहा, पण त्यांचं एकमेकींशी नातं नव्हतं. निळ्या काठाच्या तीन, त्यातल्या एकीचा टवका उडालेला. गुलाबाच्या फुलांची एक, बाईंच्या आईकडून आलेली. एक पिवळी, एक पांढरी. टेबल चौघांचं. त्यावर मेणकापड, आणि मेणकापडावर इस्त्रीचा तपकिरी ठसा, कारण पंखेवाल्यांनी एकदा दुरुस्त केलेली इस्त्री तापते की नाही ते तिथेच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई काचसामानाच्या दुकानात गेल्या. विक्रेत्याने त्यांच्यापुढे सहा जणांचा पांढरा संच मांडला. बाईंनी एक ताटली उचलली, उजेडात धरली, उलटी करून खालची चिठ्ठी वाचली आणि हलक्या हाताने परत ठेवली. "काठ जरा भडक वाटतो," असं म्हणून त्या बाहेर पडल्या. काठ भडक नव्हता. चिठ्ठी भडक होती.

पंखेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते शांत गृहस्थ होते, पण कवळी आल्यापासून हसताना जरा जास्तच दात दिसायचे.

"नजर लागते म्हणालीस ना?" ते म्हणाले. "मग लाव की आता."

बाई चिडल्या, आत गेल्या, आणि थोड्या वेळाने पदर खोचून बाहेर आल्या. त्यांनी सहाच्या सहा ताटल्या टेबलावर मांडल्या आणि त्यांच्याकडे एखाद्या गचाळ मुद्रिताकडे बघावं तशा बघत राहिल्या. तीन निळ्या एका बाजूला ठेवल्या की उरलेल्या तीन अनाथ दिसत. मग त्यांनी एक आड एक लावून पाहिलं, निळी, गुलाबाची, निळी, पिवळी, निळी, पांढरी. आता कुणी पाहिलं तर म्हटलं असतं, मुद्दाम केलंय. टवक्याची ताटली स्वतःकडे, आणि टवका पोटाच्या बाजूला. बाईंना जरा धीर आला.

पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पंखेवाल्यांनी दुकानातली प्लायवूडची मोठी फळी वर आणली आणि टेबलावर ठेवून खालून तारेने आवळली. सहा माणसं ऐसपैस बसतील एवढं टेबल झालं. त्यावर पांढरी चादर आली. ती कडक व्हावी म्हणून दुरुस्तीला आलेल्या तीन इस्त्र्या एकामागून एक फिरवल्या, कारण पहिल्या दोन दुरुस्त झालेल्या नव्हत्या. पंखेवाल्यांच्या जुन्या पांढऱ्या शर्टांच्या पाठी कापून सहा हातरुमाल निघाले. शर्टांच्या मालकाने एकदाच विचारलं, की पुढची बाजू तरी घालायला उरणार आहे का.

चादर कोरी कोरी दिसत होती. मधून काहीतरी पट्टा हवा होता. छापखान्यात मोठ्या रिळांच्या शेवटी थोडा कागद उरतो, तो रद्दीत जातो. बाईंनी दुपारच्या सुट्टीत त्यातला जाड, सायीच्या रंगाचा एक तुकडा हेरला आणि गुंडाळायला घेतला. मशीनदादा मागेच उभे होते.

"कपाटात घालायला," बाई म्हणाल्या.

"घ्या की. केवढं लांब कपाट आहे हो तुमचं?"

बाईंनी कागद काखेत मारला आणि ताठ मानेने निघाल्या.

फुलं विकत आणायची तर ती मुबलक हवीत, नाहीतर केविलवाणी दिसतात. म्हणून बाईंनी फुलांचा नाद सोडला. इमारतीच्या कुंपणाला दाट हिरवी झुडपं होती. शनिवारी सकाळी दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरातली कात्री घेऊन उतरले आणि चांगल्या कोवळ्या डहाळ्या कापून आणल्या. त्या ठेवायला खोकल्याच्या औषधाच्या सहा सारख्या हिरव्या बाटल्या निघाल्या. गेला हिवाळा पंखेवाल्यांना फार जड गेला होता, त्याचा एवढा तरी उपयोग झाला. चिठ्ठ्या खरवडून, बाटल्या घासून बाईंनी त्या कागदाच्या पट्ट्यावर ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीत एकच डहाळी खोवली. उंची इतकीच, की समोरच्याचा चेहरा दिसावा.

राहिली खोली. भिंतीचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात पंख्यांची पाती. त्यावर पंखेवाल्यांनी उपाय काढला. छताच्या दिव्याला त्यांनी लांब वायर जोडली, दिवा टेबलाच्या वर हातभर अंतरावर आणला, आणि जुन्या पंख्याची गोल पितळी वाटी चकचकीत पुसून त्याला टोपीसारखी घातली. संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं. सगळा उजेड टेबलावर पडला. भिंती, पोपडे, पाती, सगळं अंधारात गेलं. हिरव्या काचेतून पाण्याचे कवडसे कागदावर हलत होते. बाई दारातच थांबल्या.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे शब्द लग्नानंतर पंखेवाल्यांनी फार थोड्या वेळा ऐकले होते. ते चमचे पुसायला गेले.

पाहुणे यायला अर्धा तास होता आणि बाईंचा हात थांबत नव्हता. उरलेल्या कागदाच्या त्यांनी सहा पट्ट्या कापल्या आणि जाड निबाच्या पेनाने प्रत्येकीवर जेवणाची यादी लिहिली. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. प्रत्येक पट्टी हातरुमालात उभी खोचली, दोन पावलं मागे सरून पाहिली, आणि मग त्या साडी बदलायला गेल्या.

मशीनदादा आले, त्यांच्याबरोबर वहिनी. पाठोपाठ चित्रकार आणि बांधणीताई. चौघंही दारातून हसत हसत, एकमेकांना कोपरं मारत आत आले आणि टेबल बघून गप्प झाले. चित्रकार तर दिव्याभोवती एक फेरी मारून आले. वहिनींनी डहाळीला हात लावून ती खरी आहे ना ते पाहिलं. मशीनदादांनी सायीच्या कागदावरून बोट फिरवलं.

"हेच का ते कपाट?" त्यांनी हळूच विचारलं.

बाई हसल्या. आज त्यांना हसणं परवडत होतं. पंखेवाले गरम सूप घेऊन आले. वाफेचा वास दरवळला, सगळे खुर्च्या ओढून बसले, आणि बाईंनी पहिला चमचा तोंडाला लावला तेवढ्यात बांधणीताईंना ठसका लागला. त्यांनी हातरुमाल तोंडावर धरला आणि खांदे हलायला लागले. मग चित्रकारांची मान खाली गेली. मशीनदादा बाटलीतल्या डहाळीकडे इतक्या एकाग्रतेने बघायला लागले की जणू ती आता काही बोलणार होती.

बाईंना वाटलं सूप बिघडलं. त्यांनी पुन्हा चव घेतली. मीठ ठीक होतं. त्यांनी पंखेवाल्यांकडे पाहिलं, कवळी तर निसटली नाही ना म्हणून. कवळी जागच्या जागी होती.

मशीनवहिनींचा छापखान्याशी संबंध नव्हता. त्या पट्टी हातात धरून मनापासून वाचत होत्या.

"बाई, एक विचारू? सूप लिहिताना पहिला उकार देतात का?" त्या म्हणाल्या. "मी आपली आजवर दुसराच काढत आले. पोरांनाही तसंच शिकवलं."

बाईंनी आपली पट्टी उचलली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'गरम सुप'. त्यांना क्षणभर आशा वाटली की एवढ्या एकाच पट्टीवर असेल. त्यांनी शेजारची पाहिली. मग त्याच्या शेजारची. सहाच्या सहा. कानाच्या पाळ्या तापलेल्या त्यांना स्वतःला कळत होत्या. बावीस वर्षांत त्यांनी लाल गोल केलेल्या माणसांची एक लांबलचक रांग त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली आणि त्यातला प्रत्येक जण त्यांच्याकडे बघून गेला.

"सहाही ठिकाणी एकसारखं आहे," चित्रकार मदतीला धावले. "पुस्तकात असतं तर लेखकाची शैली म्हणून सोडून दिलं असतं."

"मी नसतं सोडलं," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी टेबलावर सपाट ठेवली. "कुणाकडे लाल पेन्सिल आहे का?"

हे त्यांनी सहज विचारलं होतं. पण मशीनदादांचा हात खिशाकडे गेला, चित्रकारांचा गेला, बांधणीताईंचा पर्समध्ये गेला, आणि दिव्याच्या उजेडात तीन लाल पेन्सिली आल्या. तिन्ही नव्या, तिन्हींना टोक काढलेलं.

बाईंनी पेन्सिलींकडे पाहिलं, मग तिघांकडे. तिघांनीही माना खाली घातल्या. शेवटी मशीनदादांनी कबूल केलं. ठरलंच होतं त्यांचं. बाई आजवर त्यांची टेबलं तपासत आल्या, आज ते बाईंचं तपासणार होते. जिथे चूक दिसेल तिथे गोल, अगदी चादरीवरसुद्धा. पण दारातून आत आल्यावर पेन्सिल काढायचं कुणाला सुचलंच नाही.

पहिल्यांदा पंखेवाले हसले, त्यांच्या सगळ्या नव्या दातांनी. मग बाईंनाच हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते आवरेना. प्रत्येकाने आपापल्या पट्टीवरचा उकार दुरुस्त केला. वहिनींनी बाईंकडून पसंती घेऊन केला. नंतर पेन्सिली हातात होत्याच आणि समोर सायीच्या रंगाचा कोरा कागद पसरलेला होता. मशीनदादांनी त्यावर लिहिलं, 'सांडायचं असेल तर या बातमीवर सांडा.' चित्रकारांनी त्यांच्या बाजूला लिहिलं, 'कोण बोलतंय?' बाईंनी दोन्ही वाचलं आणि दोन्हींत पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आहे ना ते बघून मान हलवली. हशा झाला.

बांधणीताईंनी सगळ्यात शेवटी लिहिलं. लहान अक्षरात. 'चमच्यांची तोंडं तीन दिशांना. घरात भांडण झालंय का?'

"हे मी म्हणाले होते?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षी," बांधणीताई म्हणाल्या. त्या अजून हसत होत्या, पण आता नुसत्या ओठांनी. "चमचे आमच्या बाबांनी मांडले होते, बाई. हात थरथरतात त्यांचे. तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, यापुढे मांडणार नाही."

पंखेवाल्यांनी सुपाचं भांडं उचललं आणि गरम करून आणतो म्हणून आत गेले. बाई त्या लहान अक्षरांकडे बघत बसल्या. त्यांना ते वाक्य आठवतसुद्धा नव्हतं. विनोद म्हणून बोलून गेल्या असतील, घरी जाऊन शांत झोपल्या असतील. स्वतःच्या उकारापेक्षा त्यांना हे जास्त लागलं.

"मला आठवत नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या. "आठवत असतं तर बरं झालं असतं. मांडलं कुणी, ते तरी विचारायला हवं होतं मी."

"सांगणारच नव्हते," बांधणीताई म्हणाल्या. "पेन्सिल हातात आली म्हणून लिहिलं गेलं."

मग बटाटे आले, मटारभात आला, आणि हळूहळू गप्पांना पुन्हा तोंड फुटलं. चित्रकारांनी तीनदा भात घेतला. दिव्याच्या टोपीची घडण त्यांनी विचारून घेतली आणि आपल्याकडे तसाच दिवा करून द्यायची गळ पंखेवाल्यांना घातली. जाताना वहिनींनी एक बाटली डहाळीसकट मागून नेली. बांधणीताई जिना उतरायला लागल्या तेव्हा बाई त्यांच्यामागे दोन पायऱ्या उतरल्या आणि उद्या दुपारी घरी आले तर चालेल का, म्हणून विचारलं.

रविवारी दुपारी बाई फळांची पिशवी घेऊन गेल्या. बांधणीताईंचे बाबा खिडकीपाशी बसले होते. सडपातळ, पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. पिशवी खाली ठेवून बाई काय बोलायचं ते मनात जुळवत होत्या, तेवढ्यात म्हाताऱ्यांनीच सुरुवात केली.

"त्या चमच्यांच्या बाई तुम्हीच ना?"

"मीच," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तेच सांगायला आले."

"चूक कसली? तोंडं तीन दिशांनाच होती. मी मोजली होती."

बाबा तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात वेटर होते. मुलीला राग आला, ते ठीकच होतं, त्यांनी सांगितलं. त्यांचा स्वतःचा राग होता तो हातांवर. हॉटेलात रोज संध्याकाळी त्यांचे साहेब टेबलांमधून फिरायचे आणि चमचा वाकडा दिसला की त्यावर बोट ठेवायचे. निवृत्त झाल्यापासून असं बोट कुणी ठेवलंच नव्हतं.

"घरी सगळे छान छान म्हणतात," बाबा म्हणाले. "हात हे असे, आणि म्हणे छान. तुम्ही निदान बघितलंत."

बाईंनी विचारलं की घरी सहा माणसांचं टेबल त्यांनी काल पहिल्यांदाच मांडलं, ताटली कडेपासून किती आत असावी याचा काही नियम असतो का. बाबा ताठ बसले. असतो म्हणजे काय, ते म्हणाले, अंगठ्याच्या पेराएवढी. एक सूतही कमीजास्त नाही. त्यांनी मुलीला ताटल्या आणायला सांगितल्या.

बाईंनी ताटली ठेवली. बाबांनी थरथरता अंगठा कडेला लावून पाहिला आणि नकाराची मान हलवली. बाईंनी ती सरकवली. बाबांनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतंच बोट ठेवलं. बाईंनी ताटली उचलून परत ठेवली, अंगठ्याने मोजून, श्वास रोखून.

सोमवारी बांधणीताईंनी छापखान्यात सांगितलं की बाईंनी तीन वेळा चूक केली, तिन्ही वेळा ऐकून घेतली आणि उलट एक शब्द बोलल्या नाहीत. मशीनदादा म्हणाले, तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी बाईंविषयी सांगताय.